जरा टाकी पाह्यून घेतो

बुलढाण्यात घर भाड्यानं देणारा माणूस भाडेकरूला दोन वाक्यं हमखास ऐकवतो. पहिलं, सामानाचा टेम्पो दारात उभा असताना : "आपलंच घर समजा." दुसरं, पुढच्या आठवड्यापासून, कधीही : "जरा टाकी पाह्यून घेतो." पहिलं वाक्य भाडेकरू चार दिवसांत विसरतो. मालक मात्र ते स्वतःला उद्देशूनच बोलल्यासारखं जन्मभर पाळतो.

बापूसाहेब (नाव काहीही धरा, माणूस तोच निघेल) हे या जमातीतलं अस्सल वऱ्हाडी नाणं. जिल्ह्याचं ठिकाण म्हटल्यावर दर उन्हाळ्यात कचेऱ्यांतल्या बदल्या ठरलेल्या. त्यामुळे चिखली रोडकडच्या त्यांच्या वरच्या मजल्याला भाडेकरूंचा तोटा नाही. खाली स्वतः, वर तलाठी, बँकवाल्या मॅडम, ग्रामसेवक, असं आलटून-पालटून. बापूसाहेबांचा पाहणीचा पोशाख ठरलेला : बंडी, पायात स्लीपर, खिशात टेस्टर आणि भर दुपारीही हातात टॉर्च.

टाकीची सबब त्यांनी विचार करून निवडली आहे. गावाला पाणी येळगाव धरणाचं आणि नळ रोज येत नाही. अशा गावात टाकी पाहायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं म्हणजे अधर्मच. गच्चीला जिना बाहेरून आहे. बापूसाहेबांना तो स्वयंपाकघरातून लागतो. वाटेत फोडणी कशाची ते कळतं, फ्रिज नवा की जुना ते कळतं, "हे पाहुणे कोण म्हनायचे?" हेही विचारून होतं. खिळे तर ते मोजतातच. हॉलमध्ये गजानन महाराजांच्या तसबिरीसाठी ठोकलेला खिळा माफ. कॅलेंडरच्या खिळ्याला मात्र "काउन ठोकला?" याचा खुलासा द्यावा लागतो. एवढं बारीक पाहणाऱ्या या माणसाला न्हाणीच्या भिंतीवर छतापासून उतरलेली ओल मात्र कधी दिसत नाही. नजर खिळ्यांतच अडकते.

भाडेकरू घरी नसला तर दुसरी चावी आहेच. "लाइट चालू राह्यला होता, बंद केला," हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर उपकाराचं तेज असतं.

या सगळ्याच्या मागं त्यांचं एक जुनं दुःख आहे. वऱ्हाडात पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाडचा 1949 चा घरभाडे नियंत्रण आदेश चालायचा. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची तरी आधी भाडे नियंत्रकाची परवानगी काढावी लागे. बापूसाहेबांच्या वडिलांचे जोडे त्या कचेरीच्या पायऱ्यांवर झिजले. 31 मार्च 2000 पासून नवा कायदा लागू झाला आणि तो आदेश गेला, पण घरात त्याची आठवण राहिली. "आमच्या बापानं घर बांधलं अन् आमीच बाहीर उभे राह्यलो," असं ते म्हणतात. ते अगदीच खोटं नाही. त्याची वसुली बिचाऱ्या ग्रामसेवकाच्या स्वयंपाकघरातून करायची का, एवढाच प्रश्न.

गेल्या खेपेला वर कोर्टातले एक बाबू राहायला आले. अत्यंत नम्र. तिसऱ्या टाकीभेटीला त्यांनी बापूसाहेबांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "काका, घर पाहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कायद्यातच लिहिलंय."

बापूसाहेब खूश. आजवर कुठल्या भाडेकरूनं त्यांना हक्क दिला नव्हता.

"महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 28. मालकाला जागेची पाहणी करता येते. फक्त आधी सूचना द्यायची आणि वाजवी वेळी यायचं."

"वाजवी म्हंजे?"

"कायद्यात तास लिहिलेले नाहीत. केंद्रानं 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायदा काढला, त्यात आहे : चोवीस तास आधी कळवायचं, सूर्योदयाआधी नाही, सूर्यास्तानंतर नाही. तो आपल्याकडे लागू नाही म्हणा. पण अंदाजाला बरा."

बापूसाहेबांना कागदाचं वेड मुळातलंच. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या दारावर सूचना डकवली गेली : विषय, संदर्भ, कलम 28, दिनांक, वेळ सकाळी अकरा, खाली सही आणि घराच्या नावाचा शिक्का. ठरल्या वेळी ते वर गेले. दार उघडं. भांडी घासलेली, फोडणी झालेली, पाहुणे बहुधा शेगावला धाडलेले, खिळे जागच्या जागी. पाच मिनिटांत पाहणी आटोपली. अशा घरात करायचं काय, हे त्यांना कळेना. परवानगीनं आत गेल्यावर आत जाण्यात काही उरलंच नव्हतं.

"काका, आलाच आहात तर हे बघा," म्हणत बाबूंनी न्हाणीचा दिवा लावला. ओल. मग खिडकीची कुजलेली चौकट. मग गच्चीवरची भेग, तीही बाहेरच्या जिन्यानं नेऊन. "कलम 14. जागा दुरुस्त ठेवणं मालकाकडे. मी लेखी कळवल्यापासून पंधरा दिवसांत झालं नाही, तर मी करून घेऊन भाड्यातून खर्च वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच, जास्त नाही." त्या मर्यादेत जणू मालकाचंच हित आहे अशा सुरात त्यांनी हे सांगितलं.

"पन आपला करार त अकरा महिन्याचा हाये. भाडेकरार नाहीच तो," बापूसाहेब बोलून गेले.

"तो नोंदवलाय कुठं काका? कलम 55. नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. नाही केली तर अटींबद्दल माझं म्हणणं खरं धरतात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ते राहू द्या, आपण घरचे. चहा अजून अर्धा कप घेता?"

बापूसाहेबांनी तो घेतला नाही.

पावसाळा लागला तशी राजूर घाटाकडून ढग चढून येऊ लागले आणि वरून खाली चिठ्ठ्या येऊ लागल्या. सुवाच्य अक्षर, विषय, संदर्भ, दिनांक : "ओल वाढली आहे. कृपया आपल्या सोयीनं पाहणीस यावे. चोवीस तास आधी कळवण्याची गरज नाही." चिठ्ठी घेऊन बाबूंचा मुलगा खाली यायचा आणि उत्तरासाठी ओट्यावर थांबायचा. बापूसाहेब आतूनच ओरडून सांगायचे, "पप्पाले सांग, आजोबा झोपले हायेत."

"अन् टाकी?" पोरगं विचारायचं. "टाकी भरून वाहून राह्यली."

"तुमीच बंद करा बापा. घर का आमचं हाये?"