‘सॉफ्टवेअर मारू’ म्हणणाऱ्या समस्त मोबाईलतज्ज्ञांस

सन्माननीय तज्ज्ञहो,


लातूरच्या गंजगोलाईला जसे सोळा रस्ते येऊन मिळतात, तशा तुमच्या काउंटरवर मोबाईलच्या झाडून सगळ्या तक्रारी फॉरमॅटला येऊन मिळतात. फोन तापतो? फॉरमॅट. रेंज जाते? फॉरमॅट. नांदेडहून लोह्याकडं जाताना फोन गाडीवरून खडीवर आपटला आणि कॅमेरा थरथरायलाय? “काही नाही सर, सॉफ्टवेअर मारू की! अर्ध्या तासानं या.”

तुमच्या या निष्ठेला मुजरा. शंका एवढीच, की खडीवर पडल्यावर सॉफ्टवेअरला नेमकं लागलं कुठं?

आम्हा अडाण्यांची समजूत अशी. बऱ्याच फोनमध्ये मागच्या मुख्य कॅमेऱ्याचं भिंग घट्ट बसवलेलं नसतं. ते बारीक तारांवर तरंगत असतं. हात हलला की चुंबक आणि गुंडाळी त्याला उलट दिशेला सरकवतात, म्हणून फोटो स्थिर येतो. आपटल्यावर तार वाकली की बिचारं भिंग जागा शोधत राहतं. स्क्रीनवर चित्र पाण्यात पडल्यासारखं डुलतं आणि फोन कानाशी नेला तर गुणगुण ऐकू येते. पडायचीही गरज नाही म्हणा. बुलेटच्या हँडलला फोन लावून फिरू नका, इंजिनाच्या थरथरीनं कॅमेरा बिघडू शकतो, असं खुद्द ॲपलनं सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितलं होतं. आपल्या रस्त्यांचा विचार त्यांनी केला नसावा.

आता आगाऊपणा. फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी एकदा कॅमेरा ॲपमध्ये ०.५ वर टिचकी मारून बघाल का? तिथं चित्र निवांत आणि १ वर आलं की डुलायला लागलं, तर दोष बहुधा मुख्य भिंगाचा. समोरचा कॅमेरा चालतो, मागं मात्र दुसऱ्या ॲपमध्येही काळोख, तर कॅमेरा जोडणारी आतली पट्टी निसटली असेल किंवा कॅमेराच गेला असेल. नुसतं धुरकट दिसतं, दिव्याभोवती रेघा फाकतात, तर बहुधा बाहेरची काच तडकलेली. ती बऱ्याच फोनमध्ये थोडक्या पैशात बदलते. तळहातावर थापट्या मारायचं गावठी औषध कधी लागू पडतं, पण टिकत नाही. ते निदान फोटो तरी पुसत नाही.

तुम्ही म्हणाल, कॅमेऱ्यासाठी एवढी घाई कशाची? सेल्फीची नाही हो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि सोयाबीन उभं आहे हे शेतात उभं राहून, ॲपमधून फोटो काढून सांगायची पाळी शेतकऱ्यावर आली. सातबाऱ्यावर पेरा चढला नाही, तर हमीभावाच्या केंद्रावर नोंदणी अडते. म्हणजे तलाठ्याचं अर्धं काम त्या शेंगदाण्याएवढ्या भिंगाकडं, आणि त्याचं औषधपाणी तुमच्याकडं.

तरी विनंती एवढीच: आधी “पडला होता का?” विचारा, मग फोन उघडा, आणि फॉरमॅट मारणारच असाल तर गिऱ्हाईकाचे फोटो तेवढे आधी उतरवून द्या. ज्यांचे फोन तुमच्या ड्रॉवरमध्ये अडकलेत, त्यांनी शेजाऱ्याचा मोबाईल मागून घ्यावा. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची पीक पाहणी करता येते.

आपला,
एक फॉरमॅट झालेला गिऱ्हाईक