वारसा आणि खोटे छत

पुरातन वास्तूत ग्रंथालय अथवा कलादालन मांडण्याचा जो प्रघात सांप्रत पडला आहे त्याचा प्रथम संस्कार असा, की ज्या सागवानी तुळयांच्या पुण्याईवर इमारतीस वारशाचा दर्जा लाभला, त्याच तुळयांखाली प्लास्टरचे खोटे छत ठोकावे आणि मग त्या झाकलेल्या वैभवाची माहिती देणारा फलक रीतसर मंजुरीनिशी प्रवेशद्वाराशी लावावा. १८७२ साली खुल्या झालेल्या मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाने मूळ अंतर्भागाचाच जीर्णोद्धार करून २००५ साली युनेस्कोचे पारितोषिक मिळविले, हे खरे; पण अशा उदाहरणांचा उपयोग आपल्याकडे उद्घाटनाच्या भाषणापुरता.

बालविभागाची वेळ आली म्हणजे मात्र डहाणूची आठवण हटकून होते. कारवीच्या कुडावर, शेणामातीच्या सारवणावर, तांदळाच्या पिठाने वारली सुवासिनी लग्नप्रसंगी जो चौक लिहितात, तो प्लास्टिकवर छापून दगडी भिंतीस डकविला, की लोकसंस्कृतीची तजवीज झाली! त्याच डहाणूजवळच्या बोर्डीस ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, खडे, बिया आणि पाने एवढीच त्या शाळेची सजावट. आता शिंपल्यांचे दरपत्रक मागविता येत नाही, बियांची निविदा निघत नाही आणि अंगणावर सल्लागाराचे शुल्क आकारता येत नाही, तेव्हा अंतर्गत सजावटीच्या कोणत्याही समितीने त्या योजनेची दखल घेतली नाही, याबद्दल तिला दोष कसा द्यावा?