डिकीतली पोकळी

नवापुरात लग्नसराईची चाहूल पत्रिकेआधी भांड्यांना लागते. महामार्गाकडून एखादी बोलेरो गावात वळते, तिच्यातलं रोडालीचं गाणं अजून कानावर आलेलं नसतं, पण मांडणीतल्या वाट्या आपसात कुजबुजू लागतात. शब्द आणि सूर मागाहून येतात, बेस पुढे आलेला असतो. गाडीची पाटी एमएच 39 असो की जीजे 26, थरथरते ती सारख्याच निष्ठेने.

माझ्या भाच्याला आपल्या गाडीत हा बेस हवा होता. त्याने सुरतेहून बारा इंची वूफर आणला, ओसरीवर उघडाच ठेवला, तारा जोडल्या आणि गाणं लावलं. एवढं जडशीळ धूड नुसतं फडफडलं.

‘‘मामा, गंडवलं वाटतं आपल्याला.’’

गंडवलेलं नव्हतं. वूफरचा पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबतो आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ करतो. म्हणजे एकाच वेळी दोन लाटा, एकमेकींच्या नेमक्या उलट. जाड आवाजाच्या लाटा लांबलचक. त्या पडद्याच्या कडेवरून सहज वळतात, मागच्या पुढच्यांना भेटतात आणि दोघी मिळून शून्य होतात. खोका हवा तो यासाठी. मागच्या हवेला पुढे येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

हद्द म्हणजे काय, हे नवापूरकराला वेगळं शिकवावं लागत नाही. महाराष्ट्र-गुजरातची हद्द आमच्या रेल्वे स्टेशनातूनच जाते. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, आणि एक बाक असा की नवरा-बायको शेजारी बसूनही दोन राज्यांत. उद्घोषणा चार भाषांत. आमच्या हद्दीवर दोन्हीकडचे लोक मिसळतात म्हणून गाव चालतं. वूफरच्या हद्दीवर मिसळामिसळ झाली की गाणंच बंद पडतं.

ही हद्द आखायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, खोका पार बंद करायचा. आत कोंडलेली हवाच मग पडद्याला स्प्रिंगसारखी मागे खेचते. एडगर विल्चर या अमेरिकनाने 1954 साली ही युक्ती बाजारात आणली. दुसरी तऱ्हा त्याहून जुनी. बेल लॅबच्या अल्बर्ट थुरासला 1932 साली तिचं पेटंट मिळालं. खोक्याला एक नळी ठेवायची आणि मागची लाट तिच्यातून अशी फिरवून आणायची की बाहेर येईपर्यंत ती पुढचीच्या बाजूने झालेली असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारली की ती घुमते, त्यातलंच हे तत्त्व. मात्र आमच्या स्टेशनात हे उदाहरण जपून द्यावं लागतं. बाकाच्या एका टोकाला ते भौतिकशास्त्र ठरतं, दुसऱ्या टोकाला दारूबंदी कायदा लागू असतो.

भाच्याला नळीचा खोका पसंत होता. पन्नास लिटर हवा आणि चार इंची, साधारण फूटभर लांब पाइप असला की तो 35 हर्ट्झच्या आसपास घुमतो. पाइप मोरीच्या सांडपाण्याचा चालतो. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांची समीकरणं त्याची जात विचारत नाहीत. ऑस्ट्रेलियात बसून या दोघांनी, थीलने 1961 साली आणि स्मॉलने पुढच्या दशकात, अंदाजाचा हा धंदा हिशेबाचा केला. म्हणून आज वूफरच्या पुठ्ठ्यावर त्याला किती हवा लागेल, ते काढण्यापुरते आकडे छापलेले असतात.

मिस्तरी आले. त्यांचं सगळं आयुष्य सागात गेलेलं. एमडीएफ म्हटल्यावर त्यांनी रंधा खाली ठेवला. ‘‘भाऊ, नवापुरात राहून भुशाची फळी?’’ त्यांचा राग रास्त होता. मिरजेचा तंबोरा करायचा तर भोपळा आणि लाकूड दोघांनी गायलं पाहिजे. इथे उलट: खोक्याने स्वतः अवाक्षर काढायचं नाही. साग हवेबरोबर आकसतो, फुगतो, सांध्याला चीर देतो. भुशाची फळी मठ्ठ असते, आणि या नोकरीत मठ्ठपणा हीच पात्रता.

शिवाय मिस्तरी मोजतात बाहेरून आणि हवा राहते आत. 18 मिलिमीटर फळीचा, बाहेरून चौदा इंची चौरस खोका 45 लिटरचा दिसतो. आत 33 लिटरही उरत नाहीत. त्यातून वूफरच्या चुंबकाची जागा वजा करायची ती वेगळीच.

एवढ्यात बहीण बाहेर आली. सुरतेच्या नणंदेला दरसाल नवापूरची तूरडाळ पोहोचवायची असते आणि पोतं जातं डिकीत. तिने पन्नास लिटर म्हणजे केवढं, ते हाताने दाखवायला लावलं. मग विचारलं, ‘‘दादा, आणि पोतं कुठे ठेवायचं, मांडीवर?’’

या प्रश्नालाही शास्त्रात नाव आहे: हॉफमनचा पोलादी नियम. लहान खोका, खोल बेस, मोठा आवाज. तिन्ही गोष्टींपैकी दोनच निवडायच्या. तो ऐकून बहिणीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. महिन्याचं वाणसामान भरणाऱ्याला हा नियम फार लवकर कळतो.

तडजोडीला मदत केली ती गाडीनेच. चाळीस हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, गाडी जेमतेम चार. लाट आत मावतच नाही. मग बंद काचांआड सगळी हवा एकदम दाबली जाते आणि खालचे सूर आपोआप वर उचलले जातात. दिवाणखान्यात किरकोळ वाटणारा बंद खोका गाडीत भरदार वाजतो. नळी गेली, अठ्ठावीस लिटर ठरले, पोत्याला आडवी जागा मिळाली.

सांधे फेविकॉलने चिकटवून झाल्यावर मिस्तरींनी वूफर चालू ठेवून कडेकडेने उदबत्ती फिरवली. धूर सरळ चढत होता. मागच्या कोपऱ्यात मात्र ठेक्याठेक्याला दचकला. फट तिथेच होती. बहीण म्हणाली, आता फक्त नारळ राहिला.

आता बेस खोल आहे आणि खोका लहान. तिसरी गोष्ट, मोठा आवाज, नियमाप्रमाणे गैरहजर. तो जास्त वॅटच्या अँपमधून काढता येतो, असं भाचा सांगतो. त्या अँपला दणकट बॅटरी लागते, हे तो जरा हळू सांगतो. बॅटरीचे पैसे कोणी द्यायचे, याबद्दल हॉफमनने काही म्हटलेलं नाही. माझ्या बहिणीने म्हटलंय, ‘‘मामा आहे ना!’’