भाऊ खाणीत आहेत

भाऊंचा फोन वाजला की आमच्या आळीत सकाळचे आठ वाजले असं समजायचं. थकलेल्या कर्जासाठी वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेनं १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावलेलं आहे. भाऊंनी आयुष्यात पाठ केलेला सरकारी कागद एवढाच. एखाद्या उतावळ्यानं आठला दोन मिनिटं कमी असताना फोन केला, तर भाऊ शांतपणे उचलतात आणि म्हणतात, "बाबू, अजून टाइम हाय. तू बी चहा घे, मी बी घेतो." आणि ठेवून देतात. आठच्या ठोक्याला तोच पोरगा पुन्हा फोन करतो. भाऊंना माणसं वळणावर आणायची हातोटी आहे.

भाऊंचं नाव सांगत नाही, कारण ते एकटे नाहीत. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या तुमसर तालुक्यात प्रत्येक आळीत एक भाऊ सापडतो. थोडी धानाची बांधी, हप्त्यावरचा ट्रॅक्टर, हप्त्यावरचा फ्रीज, हप्त्यावरचा मोबाइल, आणि त्या मोबाइलवर बाकी सगळ्या हप्त्यांचे फोन. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, खिशात पेन, बोटांत दोन अंगठ्या. त्यातली एक गहाण पडून सुटून आलेली आणि दुसरी त्याच वाटेवर निघालेली.

कर्ज कसं झालं, असं विचारलं की भाऊ धानापासून सुरू करतात. तुमसरची बाजार समिती धानासाठी आजूबाजूच्या जिल्ह्यांत माहीत आहे, गावात राईस मिला आहेत, म्हणजे धानाला गिऱ्हाईक नाही असं नाही. पण हमीभाव पाहिजे तर खरेदी केंद्रावर जावं लागतं. तिथं माल जातो लगेच, चुकारे, म्हणजे मालाचे पैसे, येतात सवडीनं. तोवर उन्हाळी धानाचे परे टाकायची वेळ येते. खतासाठी वहिनींचं सोनं बँकेत जातं. सोनं सोडवायला फायनान्स, फायनान्सचा हप्ता भरायला आणखी एक फायनान्स, आणि त्याचा भरायला मोबाइलमधलं ॲप. प्रत्येक नवं कर्ज आधीच्यापेक्षा लहान आणि जास्त तापट. बँकेचं पत्र वर्षातून दोनदा येतं आणि 'महोदय' म्हणतं. ॲपवाला पोरगा दिवसातून सहा वेळा फोन करतो आणि काय म्हणतो ते इथं छापता येणार नाही.

कर्जमाफ्या झाल्या की. २०१७ ची दीड लाखापर्यंत, २०१९ ची दोन लाखांपर्यंत. दोन्ही शेतीच्या कर्जासाठी. फ्रीज हे शेतीचंच साधन आहे, बियाणं थंड राहतं, असा मुद्दा भाऊंनी एका बँकेत मांडून पाहिला होता. साहेब हसले, चहा पाजला, पण लिहून काही घेतलं नाही.

भाऊंची खरी कला फोनवर बघावी. फोन करणारी पोरं बहुतेक लांबची, हिंदीतून बोलणारी.

"सर, पेमेंट कब तक हो जाएगा?"

"हो जाएंगा ना जी. धान का चुकारा आने दो."

"चुकारा क्या होता है, सर?"

इथं तो पोरगा फसतो. भाऊ खुर्ची ओढून बसतात. आधी रोवणा म्हणजे काय, मग कापणी, मग पुंजणे, मग चुरणा. मग सातबारा ऑनलाइन कसा चढवायचा, केंद्रावर बारदाना कसा संपतो, ओलावा जास्त म्हणून माल कसा परत पाठवतात. पोरगं मधून मधून "सर, सर" करतं. भाऊ म्हणतात, "रुको, अभी तो गोदाम बाकी है." असल्या एका पोरानं शेवटी विचारलं होतं, "सर, आप लोग ये खेती करते क्यूं हो?" भाऊ त्यावर बराच वेळ गप्प बसले. वसुलीवाल्याच्या प्रश्नावर भाऊंना उत्तर सुचलं नाही, असं तेव्हाच झालं.

लांबच्यांचं ठीक आहे. जवळचा असला की पंचाईत. पूर्वी भाऊंचं ठरलेलं उत्तर होतं, "मी खाणीत हाय, आवाज कटून राह्यला." तालुक्यात मॉइलच्या मँगनीजच्या खाणी आहेत, त्यामुळे हे खपायचं. एकदा फोनवर भंडाऱ्याकडचाच पोरगा निघाला. त्यानं विचारलं, "कोणत्या खाणीत जी?" भाऊ गडबडीत बोलून गेले, "डोंगरी बुजुर्ग." पोरगा म्हणाला, "काहून फेकून राह्यले, काकाजी? डोंगरीची खाण तं उघडी हाय. जमिनीखालची चिखल्याची." भाऊंनी तत्काळ बॅटरी संपल्याचं सांगितलं. त्यावर पोरगा म्हणाला, "डोंगरीचंच मँगनीज बॅटरीत जाते, थोडं टाकून घ्या." तेव्हापासून भाऊ न चुकता चिखल्याच्या खाणीत असतात. भूगोल पक्का असावा, असं ते पोरांना सांगतात.

प्रत्यक्ष घरी येणाऱ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. गेल्या मंडईच्या जत्रेच्या दिवसांत एक जण मोटारसायकलवरून आला. दाराशी उभं राहून मोठ्यानं बोलायचं, म्हणजे शेजारीपाजारी ऐकतात, हे त्याला शिकवून पाठवलेलं होतं. भाऊंनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं आणि चौकशी सुरू केली. गाव कोणतं? मोहाडीकडचं. आडनाव? आईचं माहेर? मामाचं घर कोणत्या विहिरीजवळ? पाचव्या प्रश्नाला तो दूरच्या नात्यानं भाचा निघाला. आमच्या भागात कित्येक घरांत मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. भाऊ उठले, पदर नसल्यानं खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि त्या पोराच्या पायाशी वाकले. पोरगा दोन पावलं मागे सरला, चहाचा कप हिंदकळला. अर्ध्या तासानं तो गेला तेव्हा त्याच्या हातात हप्ता नव्हता, वहिनींनी बांधून दिलेली अनारशांची पुडी होती. कंपनीनं पुढच्या वेळी दुसरा माणूस पाठवला. त्याचं आजोळ बालाघाटकडं निघालं, तेव्हा भाऊंचा इलाज चालला नाही आणि तीन हजार रुपये गेले.

वहिनींचं कर्ज वेगळं. ते बायकांच्या गटाचं. दर आठवड्याला एकीच्या अंगणात बैठक, वसुलीचे सर येतात, सगळ्या जणी पैसे मोजून देतात, आणि एकीचं कमी पडलं की बाकीच्या उठत नाहीत. या छोट्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे मार्च २०२२ चे निर्देश आहेत, त्यांत वसुलीची वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आहे. म्हणजे एकाच घरात नवऱ्याला आठ ते सात आणि बायकोला नऊ ते सहा. "बाईले दोन घंटे जास्त शांती," भाऊ म्हणतात. वहिनी म्हणतात, "ते दोन घंटे तुमचे फोन ऐकण्यात जातात." वहिनींचा हप्ता मात्र एकदाही चुकलेला नाही. दहा बायका अंगणात बसून बघत असतात, तिथं खाणीत असल्याचं सांगता येत नाही.

आणि सावकार? तो फोनच करत नाही. २०१४ च्या कायद्यानं परवाना नसलेल्याला सावकारी करता येत नाही, म्हणून तो सावकार नाहीच, 'ओळखीचे' आहेत. हे ओळखीचे संध्याकाळी मोटारसायकल भाऊंच्या दारापुढं जरा हळू करतात, एकदा बघतात आणि पुढं जातात. त्या एका नजरेपुढं भाऊंची सगळी वक्तृत्वकला गारठते. त्या रात्री वहिनी भाजी कितीही चांगली करोत, घास उतरत नाही.

एवढं सगळं भाऊ हसतखेळत पेलत होते. मग एका रात्री साडेनऊला नागपूरच्या वसतिगृहात त्यांच्या मुलीला फोन गेला. तुझ्या बापानं आमचे पैसे बुडवले, असं सांगून पुढं बरंच काही. मुलीनं घरी फोन केला आणि रडली नाही, फक्त विचारलं, "बाबा, किती आहेत?" त्या रात्री भाऊंनी कुणाला काही सांगितलं नाही, फोन बंद करून अंगणात बसले. घरच्यांना, ओळखीच्यांना फोन करून चारचौघांत अब्रू काढणं त्याच आठ-ते-सातच्या परिपत्रकात स्पष्ट मना आहे. पण परिपत्रक वाचणारा भाऊंसारखा ऋणकोच. फोन लावणाऱ्या पोराला ते कुणी दाखवतही नसावं. त्याला दाखवतात तो महिन्याचा वसुलीचा आकडा.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला, पेन उघडलं आणि कंपनीला तक्रार लिहिली. तारीख, वेळ, नंबर, सगळं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, १४४४८ वर विचारता येतं, हे त्यांनी शोधून काढलं. विसाव्या दिवशी कंपनीचं दिलगिरीचं पत्र आलं. मुलीला पुन्हा फोन गेला नाही. भाऊंना मात्र त्या दिवसापासून बरोबर आठला येऊ लागला, एक सेकंद इकडंतिकडं नाही.

त्यानंतर भाऊ भंडाऱ्याला वकिलांकडं गेले. सोबत मी होतो, कारण मोटारसायकल माझी होती. एकदाचं दिवाळखोर होऊन टाकायचं, असं त्यांनी वाटेतल्या पुलावर जाहीर केलं.

वकीलसाहेब जुने. त्यांनी सांगितलं की २०१६ साली दिवाळखोरीची नवी संहिता आली खरी, पण साध्या माणसाच्या दिवाळ्याचा तिचा भाग कंपनीला जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झालाय, तोही डिसेंबर २०१९ पासून. भाऊंसारख्यांना अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच. अर्ज जिल्हा न्यायालयात. अट काय? कर्ज फेडता येत नसावं आणि ते किमान पाचशे रुपये असावं.

"पाचशे?" भाऊ खुर्चीत सावरून बसले. "मंग अर्धं तुमसर पात्र हाय."

"तेव्हाचे पाचशे, भाऊ. आकडा कुणी बदलला नाही."

मग यादी. ज्याचं ज्याचं देणं आहे त्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, रक्कम. भाऊंनी सांगायला सुरुवात केली आणि वकिलांनी दोनदा पान उलटलं. लग्नाच्या पत्रिका वाटायच्या यादीसारखी ती वाढत गेली, आणि तशीच कुणाला वगळलं तर राग येईल, अशी पंचाईतही आली. साळभाऊचे वीस हजार लिहायचे की नाही यावर भाऊ अडले. लिहिलं तर बायकोच्या भावाचं नाव कोर्टाच्या कागदावर, नाही लिहिलं तर तो म्हणणार, मला मोजलंच नाही.

फायदे बरेच होते. कोर्टानं एकदा नादार ठरवलं की देणेकऱ्यांना कोर्टाच्या परवानगीवाचून दावा लावता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतीची अवजारं, बैल, बियाणं, आणि धर्माच्या रीतीनं बाईला अंगावरून काढता येत नाही तो दागिना, यांना कुणी हात लावत नाही. ट्रॅक्टर मात्र ज्याच्याकडं तारण आहे तो नेऊ शकतो.

"आणि फ्रीज?"

"फ्रीज जाईल."

"त्यात बियाणं हाय," भाऊ म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मग वकिलांनी तोट्याकडं पान वळवलं. नाव राजपत्रात छापून येतं. भाऊंनी विचारलं, राजपत्र तुमसरला कुठं येते? वाचनालयात कुणी बघितलं नव्हतं, म्हणून तो मुद्दा सोडला. नादार माणसाला मॅजिस्ट्रेट होता येत नाही. भाऊंनी हे मोठ्या मनानं सोडून दिलं. पण नगरपालिकेवर निवडूनही येता येत नाही, हे ऐकल्यावर ते उठून खिडकीपाशी गेले. आळीतल्या पोरांनी गेल्या गणपतीत त्यांचं नाव भावी नगरसेवक म्हणून बॅनरवर टाकलं होतं. त्या बॅनरचे पैसेही अजून द्यायचे आहेत.

"त्याला उपाय आहे," वकील म्हणाले. "नादारीतून सुटका होताना कोर्टानं लिहून दिलं की हे दिवाळं दुर्दैवानं निघालं, वागणुकीत खोट नव्हती, तर अपात्रता जाते."

"म्हणजे नशीब फुटकं असल्याचा दाखला?"

"तसंच समजा."

"तो तहसीलीत नाही भेटत का जी? तिथं वळखीचा हाय."

शेवटचं कलम वकिलांनी सहज सांगितलं. सुटका होईपर्यंत पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधारी करायची, तर देणाऱ्याला आधी सांगावं लागतं की मी नादार आहे. न सांगता केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

भाऊंचा चेहरा उतरला. बँक, फायनान्स, ॲप, राजपत्र, सगळ्यांना ते पुरून उरले असते. पण बाजारातल्या टपरीवर रोज सकाळी पोहे-तर्री, चहा आणि खर्रा खात्यावर लिहिला जातो, आणि तिथं अर्धी बाजार समिती उभी असते. दोघांचा नाश्ता झाला की पन्नास कधीच ओलांडले जातात. तर्री घेण्याआधी चारचौघांत काय म्हणायचं?

परत येताना भाऊ पुलापर्यंत बोलले नाहीत. घरी वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन्नासच्या आत उधार केलं तं चालते ना?"

अर्ज अजून केलेला नाही. कागद टेबलाच्या कप्प्यात आहेत, यादीत साळभाऊची जागा मोकळी सोडली आहे. टपरीवर मात्र भाऊ आता खातं एकोणपन्नासला थांबवतात, वरचा खर्रा माझ्या नावावर लिहायला सांगतात आणि म्हणतात, "आदत टाकून ठेवलेली बरी."