पूजा-आर्ची

आमच्या शेजारचे गुरुजी कुणाच्या तरी नादी लागलेत, ही बातमी पांढरकवड्यात पसरायला एक सकाळ पुरली. वय एकाहत्तर. गळ्यात तुळशीची माळ, कडक एकादशी, तिन्हीसांजेला हरिपाठ. काकू जाऊन सहा वर्षं झाली. असा माणूस महिन्यातून दोनदा भल्या पहाटे इस्त्रीचा सदरा घालून गुपचूप बाहेर पडतो आणि उन्हं चढल्यावर गालातल्या गालात हसत परततो, म्हटल्यावर गल्लीनं समजायचं तरी काय? आपल्याकडे देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ साली आलं, तेव्हापासून विधुराला एकच भूमिका राखून ठेवलेली आहे : भुजंगनाथाची. म्हाताऱ्यानं केसांवर कंगवा फिरवला, की लोकांना लगेच सनई ऐकू येते.

चौकशीअंती नाव कळलं. आर्ची. 'सैराट'नंतर हे नाव महाराष्ट्रात कुणाला फोडून सांगावं लागत नाही. पण गुरुजींची आर्ची चार पायांची निघाली. टिपेश्वर अभयारण्यातली नामांकित वाघीण. तिच्या एका फोटोसाठी माणसं हातभर लांब लेन्स घेऊन कुठून कुठून येतात.

"गुरुजी, पूजा-अर्चा सोडून हे काय?" मी चिडवलं.

"सोडली कुठे?" ते म्हणाले. "शेवटचा काना काढून पहिल्या अक्षराले दिला, रिकाम्या जागी वेलांटी टाकली. बस."

मास्तरकी अशी रक्तात मुरते.

मग एका डिसेंबरात मलाही घेऊन गेले. सुन्ना गेटवर जिप्सी उभी, थंडीनं दातावर दात. शे-दीडशे चौरस किलोमीटरचं हे जंगल टिपाई देवीच्या नावानं ओळखलं जातं. त्यामुळे गेटातून आत शिरताना गुरुजींनी हात जोडले, हे ओघानंच आलं. गाडीतले बाकीचे 'साइटिंग' म्हणत होते, गुरुजी 'दर्शन'. मला आधी हसू आलं. मग हिशेब मांडला : आगाऊ नोंदणी, ठरलेली वेळ, पहाटेची रांग, 'चला, पुढे सरका' म्हणणारा गाइड आणि काहीच दिसलं नाही तर 'तिची इच्छा'. गुरुजींचाच शब्द बरोबर होता. पावसाळ्यात जंगल पर्यटकांना बंद होतं, तेही त्यांना खटकत नाही. देव निजतात त्या दिवसांत देवीनंही थोडं पडावं.

या जंगलातला एक नर तर त्यांना अगदी आपल्यातलाच वाटतो. जून २०१९ मध्ये तो इथून निघाला आणि डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्यानं एकूण चाल मोजली ती तीन हजार किलोमीटरच्या घरात. लोकांनी त्याचं नाव 'वॉकर' ठेवलं. गुरुजी त्याला 'वारकरी' म्हणतात. फरक एवढाच, की वारीच्या शेवटी कुणी तरी विटेवर उभं असतं. ज्ञानगंगेत बिचाऱ्याला एक वाघीणसुद्धा नव्हती.

या प्रेमाला जिप्सी लागते, हे गुरुजी विसरत नाहीत. २०१८ च्या नोव्हेंबरात याच टापूत, राळेगावकडे, एक वाघीण मारली गेली. तिच्यावर १३ बळींचा ठपका होता. शहरातल्या लोकांनी तिला 'अवनी' म्हटलं, वनखात्याच्या कागदावर ती 'टी-१' होती. ज्यांना सकाळी उठून पऱ्हाटीत कापूस वेचायला जायचं होतं, त्यांना ती नुसती वाघीण होती. त्यांच्याशी प्रेमाच्या गोष्टी बोलू नये. गुरुजीही बोलत नाहीत.

जिप्सीत बसून मी हे सगळं आठवत होतो, तेवढ्यात वानरानं खाकरल्यासारखा कॉल दिला. "गुरुजी, हालू नोका," गाइड पुटपुटला. सागाच्या पाचोळ्यातून ती रस्त्यावर उतरली. पायाखाली एक पान वाजलं नाही. चालताना खांद्याची हाडं कातडीखालून आळीपाळीनं वर येत होती, पोट सैल हलत होतं. कुठली घाई म्हणून नाही. कॅमेरे कडकडले. गुरुजींनी टोपी काढून छातीशी धरली. जिप्सीपाशी येऊन ती थबकली. एकेकाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं तेव्हा माझ्या गुडघ्यांनी सुट्टी घेतली. गुरुजींकडे मात्र तिनं मान वळवली नाही. तशीच पलीकडच्या गवतात गेली.

मला त्यांचं वाईट वाटलं. मग लक्षात आलं, की हा माणूस चाळीस वर्षं अशाच एकाच्या दारी जातो आहे, जो कमरेवरचे हात काढत नाही की 'या, बसा' म्हणत नाही. एकतर्फी प्रेमाचा एवढा सराव दुसऱ्या कुणाला असणार?

तरी परतताना समजूत घालायला म्हटलं, "गुरुजी, सगळ्यांकडे पाहिलं, तुमच्याकडेच नाही."

"मले ओळखते ती."

"कशावरून?"

"परक्याले पाहते. घरच्याले काय पाहायचं?" टोपी डोक्यावर नीट बसवत ते म्हणाले, "मी शाळेतून आलो का आमची बाई भाकर थापता थापता मान वर करत नव्हती. उलट तवा सरकवे, का पानं घ्या आता."

मग पांढरकवडा येईपर्यंत ते गालातल्या गालात हसत होते.