थंडीत मुठी तापवण्याची रीत

सर्वप्रथम, हा खर्च घरात कुठल्या नावाने खपवायचा ते ठरवून घ्या. ‘गाडीच्या हँडलला हीटर बसवतोय’ असं चुकूनही बोलू नका. बाथरूममधला गिझर दिवाळीपासून गळतोय, हे त्याच क्षणी कुणाला तरी आठवेल. ‘गाडी सर्व्हिसिंगला टाकतोय’ हे वाक्य जुनं असलं तरी अजून चालतं.

महाराष्ट्रात कसली आली एवढी थंडी, असं विचारणारा माणूस बहुधा मुंबईचा असतो. त्याला डिसेंबरअखेरीस पहाटे साडेपाचला नाशिकहून निफाडच्या रस्त्याला लावा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती घसरला, ही तिकडच्या हिवाळ्यातली ठरलेली बातमी. कडाका वाढला की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात, घडांना ऊब मिळते. त्या बागेकडे मोटारसायकलवरून निघालेल्या मालकाला मात्र क्लच दाबलाय की नाही, हे बोटांकडे बघून ठरवावं लागतं.

हा दोष एकट्या थंडीचा नाही, वाऱ्याचा आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ साली स्वीकारलेलं एक सूत्र आहे. त्यात पाच अंश तापमान आणि ताशी साठ किलोमीटर वेग घातला की उत्तर येतं उणे दोनच्या जवळपास. म्हणजे तुमची उघडी कातडी उणे दोनच्या थंडीत गमावेल तितक्या झपाट्याने ऊब गमावते. वेग निम्म्यावर आणलात तर थोडा दिलासा मिळेल, पण मग ट्रॅक्टर ओव्हरटेक करून जाईल आणि तो अपमान कुठल्याच सूत्रात बसत नाही.

तेव्हा खरी पहिली पायरी म्हणजे वारा अडवणे. गरम ग्रिप तळहात शेकते. बोटांची पाठ, आणि क्लच-ब्रेकवर ताटकळत ठेवलेली दोन-दोन बोटं, ही वाऱ्याच्याच ताब्यात राहतात. त्यावर उपाय हँडगार्डचा, किंवा उत्तरेत स्कूटरच्या हँडलला चढवतात तसल्या रेक्झिनच्या कव्हरांचा. कव्हरं स्वस्त असतात, कमालीची उपयोगी असतात आणि दिसायला भयंकर असतात. नवशिक्या तिसऱ्या कारणासाठी पहिली दोन सोडून देतो. पहाटेचा दूधवाला स्वेटरखाली छातीशी वर्तमानपत्र खुपसून आणि हातमोज्यांवर प्लास्टिकची पिशवी चढवून निघतो. या विषयातला तज्ज्ञ तोच, पण तो व्हिडिओ काढत नाही.

हातमोज्यांबद्दल थोडक्यात: तळव्याला पातळ आणि पाठीला जाड असे घ्या. दोन्हीकडून गादीसारखे जाड असलेले मोजे बाहेरची थंडी अडवतात तशीच ग्रिपची ऊबही अडवतात, आणि मग तुम्ही गाडीची वीज जाळून मोज्यांचं बूड गरम करत बसता.

आता वीज. इथे घाई करू नका, कारण ग्रिप बसवणं हे निम्म्याहून अधिक वायरिंगचंच काम आहे. दोन्ही ग्रिप मिळून पूर्ण तापमानाला साधारण चाळीस वॅट खातात, म्हणजे बारा व्होल्टला तीन-साडेतीन अँपिअर. (काकांची जुनी येझदी किंवा राजदूत असेल तर ती सहा व्होल्टची. पुढचं वाचू नका, काकांकडून मफलर मागून घ्या.) हे चाळीस वॅट आणायचे कुठून? गाडी चालू असताना अल्टरनेटर वीज बनवतो; त्यातून प्लगची ठिणगी, इंजेक्शनवाल्या गाडीत पेट्रोलचा पंप, हेडलाइट आणि तुम्ही हौसेने लावलेला मोबाइलचा चार्जर एवढी मंडळी जेवायला बसलेली असतात. हेडलाइट बंद करून वाचवू म्हणाल तर तेही गेलं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू झालं की आपोआप लागणारा दिवा सक्तीचा झाला. समोरून येणारा प्रत्येक भला माणूस अजूनही पंजाची उघडझाप करून ‘लाइट चालूय’ असं सांगतो. त्याला उत्तर देण्यासाठी हात ग्रिपवरून काढू नका.

स्वस्तातला मल्टिमीटर घ्या आणि बॅटरीच्या दोन टोकांना लावा. इंजिन चालू, थोडी रेस दिलेली, ग्रिप पूर्ण तापमानाला: आकडा साडेतेराच्या वर राहिला तर छान. सिग्नलला गाडी नुसती धडधडत असताना तो तेराच्या खाली उतरत असेल तर अल्टरनेटर पुरा पडत नाहीये आणि बॅटरी गाठीचं खर्च करतेय. तिथे ग्रिप कमीवर आणा. इंजिन बंद करून, टपरीवर चहा येईपर्यंत हात शेकत बसण्याचा मोह होतो. आठ अँपिअर-अवरची बॅटरी हिशेबाने दोन तास टिकायला हवी. सेल्फला तो हिशेब मान्य नसतो, तो बराच आधी ‘कट्-कट्’ करून हात वर करतो.

म्हणून जोडणी अशी करा की चावी बंद झाली की ग्रिप बंद. जाड वायर बॅटरीपासून निघते, बॅटरीला अगदी लागून फ्यूज, तिथून रिले, रिलेतून ग्रिपचा कंट्रोलर. रिलेला जागं करायला एक बारीक वायर टेललाइटच्या वायरीला जोडायची. तुमचा मेकॅनिक हे सगळं ऐकून घेईल आणि म्हणेल, “भाऊ, रिले कशाला? डायरेक्ट मारून देतो ना!” या क्षणी खंबीर राहा. फ्यूज उडाला की त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळून ‘आता नाही उडणार’ असं सांगणारा माणूसही हाच. त्याचं खरं आहे, फ्यूज पुन्हा उडत नाही. वायरिंग जळतं.

जुन्या ग्रिप काढणं सोपं: कटरने उभी चीर द्या आणि सोलून काढा. पुढचं मात्र नीट बघा. किटमधली एक ग्रिप आतून जास्त रुंद असते, ती उजवीकडची. डावी ग्रिप थेट हँडलच्या नळीवर बसते, उजवी एक्सिलेटरच्या प्लास्टिकच्या नळकांडीवर. या नळकांडीवर उंचवटे असतात, ते कानशीने घासून सपाट करावे लागतात. थोडं घासा, ग्रिप चढवून बघा, पुन्हा घासा. कंटाळा आला की माणूस हातोडी शोधतो. हातोडी आधीच शेजाऱ्याकडे देऊन ठेवा. चिकटवण्यापूर्वी दोन्ही ग्रिप कोरड्याच बसवून वायर कुठून बाहेर येते ते पक्कं करा, कारण फेविक्विक लावल्यावर विचार करायला सवड नसते. उजवीकडे एक थेंब जरी नळकांडीच्या आत, हँडलच्या बाजूला ओघळला, तरी एक्सिलेटर जागीच चिकटतो. त्या गाडीवर बसणाऱ्याला थंडी वाजत नाही.

उजव्या ग्रिपची वायर एक्सिलेटरबरोबर फिरते, तेव्हा तिला सैल वळसा ठेवा. मग न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. आवाज जराही चढता कामा नये. मूठ पिळून सोडली की तिने स्वतःहून, फटकन, मागे यायला हवं. ती आळसावून येत असेल तर वायर कुठेतरी अडतेय. ही एक तपासणी होईपर्यंत गाडी अंगणाबाहेर नेऊ नका. बाकी सगळ्या सूचना तुम्ही धुडकावल्यात तरी चालेल.

पहिल्याच फेरीत उजवा हात मजेत आणि डावा तेवढा खूश नाही, असं जाणवेल. लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. डावी ग्रिप धातूच्या नळीला चिकटलेली असते आणि ती नळी तिची ऊब ओढून नेते. उजवीकडे मधल्या प्लास्टिकमुळे ऊब जाग्यावर राहते. काही किटांमध्ये याची भरपाई आधीच केलेली असते, काहींत नसते.

होळी झाली की फ्यूज काढून एका पुडीत बांधा आणि टूलकिटमध्ये टाका. नाहीतर एप्रिलच्या भर दुपारी मेव्हणा गाडी मागून नेईल, हे बटण कसलं म्हणून दाबून बघेल, आणि संध्याकाळी चावी परत देताना गंभीर चेहऱ्याने सांगेल, “दाजी, इंजिन फार तापतंय हो तुमचं. पार हँडलपर्यंत येतंय.”