हत्ती गेला, शेपूट राहिलं

वर्षातून सहा वेळा, सकाळी दहाच्या ठोक्याला, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कॅमेऱ्यासमोर बसतात आणि देशातल्या पैशाची नाडी कशी चालली आहे ते सांगतात. त्याच ठोक्याला रिसोड तालुक्यातल्या केनवडमध्ये माझा बारावीचा अर्थशास्त्राचा तास सुरू होतो. पाण्याच्या बाटलीला टेकवून मी मोबाइल टेबलावर उभा करतो, आणि शेणानं सारवलेल्या अंगणात चिमण्या दाण्यावर याव्यात तशी पोरं त्या हातभर जागेत गोळा होतात. गव्हर्नर चष्मा सारखा करतात, समितीनं बहुविध बाबींचा विचार केला असं काहीसं म्हणू लागतात, आणि थिजतात. तोंड अर्धवट उघडं, पापण्या निम्म्या मिटलेल्या. देशाचा व्याजदर त्यांच्या ओठांवर येऊन ठेपलेला आणि केनवडची रेंज गेलेली. "सर, खिडकीत धरा, तिथी एक कांडी येते," मागच्या बाकावरून सल्ला येतो. मग मी देशाच्या पतधोरणाला तळहातावर घेऊन खिडकीच्या गजाशी उभा राहतो, नवस फेडायला आलेल्या माणसासारखा.

चालू घडामोडींतून शिकवावं, असं मी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलं होतं. अडचण एवढीच, की घडामोडी मुंबईत चालू होतात आणि केनवडला येईपर्यंत त्यांचे पाय दुखू लागलेले असतात. शिवाय त्या येतात परक्या कपड्यांत. पहिल्याच वर्षी मी फळ्यावर 'रेपो दर' असं लिहिलं, तेव्हा एका पोरानं वहीत 'रोपांचा दर' असं उतरवून घेतलं आणि फार गंभीरपणे विचारलं, "मिरचीच्या रोपाचा भाव मुंबईत काऊन ठरवते सर?" मी हसलो नाही. रेपो म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेकडून उसन्या घेतलेल्या पैशावरचं व्याज, आणि रोप म्हणजेही उसना जीवच. आज लावायचं आणि चार महिन्यांनी सव्याज वसूल करायचं. 'पंचवीस बेसिस पॉइंट' हे शब्द मात्र मी वर्गाच्या दारातच थांबवले. शंभराला चाराणे म्हटलं की सगळ्यांना कळतं. आपल्या भाषेत पाव, सव्वा, साडे, पाऊण असे नाजूक चमचे असताना दुसऱ्याच्या वाट्या कशाला मागायच्या? 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं चार वेळा मिळून दर साडेसहावरून सव्वापाचावर आणला. हे वाक्य आजीलाही सांगता येतं.

शब्दांनी रुसून बसावं असे हे दिवस, पण प्राण्यांनी मला हात दिला. ज्या बँकेच्या मुद्रेवर माडाखाली वाघ उभा आहे, तिचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी 2024 च्या एप्रिलमध्ये महागाईला हत्ती म्हटलं होतं. दोन वर्षांपूर्वी, महागाई 7.8 टक्क्यांवर होती तेव्हा हा हत्ती खोलीत उभा होता. आता तो फिरायला बाहेर पडला आहे आणि जंगलाकडे परततो आहे, अशा अर्थाचं ते बोलले. मी त्या बातमीचं कात्रण फळ्याशेजारी टाचणीनं लावलं. वर्गाला हत्ती फार आवडला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात एवढं मोठं जनावर यापूर्वी आलेलंच नव्हतं. मग मी सांगितलं, की महागाई 4 टक्क्यांवर आणायचं उद्दिष्ट आहे, दोन इकडे-तिकडे चालतात, पण तो शेवटचा टप्पा चिवट असतो. त्यावर पहिल्या बाकावरची एक मुलगी पेनाचं टोपण लावत सहज म्हणाली, "म्हंजे हत्ती गेला अन् शेपूट राह्यलं." तो टप्पा समजावायला मी तीन तास राखून ठेवले होते. ते तिथेच शिल्लक पडले आणि आम्ही त्या वेळात चिंचेखाली बसलो.

ऑक्टोबरात हत्तीचा घोडा झाला. 9 तारखेला गव्हर्नर म्हणाले, की महागाईचा घोडा आता तबेल्यात आणून बांधला आहे, दार उघडताना जपायला हवं. बाहेर सोयाबीनची सोंगणी चालली होती, वर्ग निम्मा रिकामा होता, आणि उरलेल्यांनी घोड्याचं स्वागत केलं. नोव्हेंबरात आकडा आला: ऑक्टोबरची महागाई 6.21 टक्के, म्हणजे सहाच्या कुंपणाबाहेर. घोडा दार उघडायची वाट न बघता भिंतीवरून गेला होता. "घोडा अडीच घर चालते सर," बुद्धिबळ खेळणाऱ्या एकानं शांतपणे खुलासा केला, "मंग आता उंट कवा येते?" त्या दिवसापासून आमच्या फळ्यावर पट मांडलेला असतो. उंट म्हणजे कच्चं तेल, कुठूनही तिरकं येऊन मारणारं. आणि प्यादी म्हणजे किराण्याचे भाव. एकेक घर पुढे सरकतात, मागे येणं त्यांना सहसा ठाऊक नसतं. महागाई कमी झाली म्हणजे भाव उतरले असं नव्हे, प्यादं हळू चालू लागलं एवढंच. हे पोरांना प्याद्यांमुळे कळलं. इतकी वर्षं मी ते आलेख काढून सांगत होतो.

रघुराम राजन गव्हर्नर असताना त्यांनी 2016 मध्ये एका व्याख्यानात महागाई आणि व्याजाचा हिशेब डोशांवर मांडला होता. केनवडला डोशाचा व्यासंग कमी, म्हणून मी आलूबोंडा घेतला. समजा आजोबांकडे 10,000 रुपये आहेत आणि बोंडा 10 रुपयांना आहे, म्हणजे आज त्यांच्या पदरी 1000 बोंडे. व्याज 10 टक्के, महागाईही 10 टक्के, तर वर्षानं हातात 11,000 रुपये आणि बोंडा 11 ला: पुन्हा हजारच. आता व्याज आठच टक्के, पण महागाई साडेपाच. तर 10,800 रुपयांत 10.55 च्या भावानं 1023 बोंडे येतात. व्याज कमी मिळूनही आजोबा 23 बोंड्यांनी श्रीमंत! मी खडू झटकला आणि विजयी मुद्रेनं वळलो. "पण सर," एका पोरानं हात वर केला, "वर्षभरात बोंडा लहान झाला, तो हिशेब कुठी मांडाचा?" रुपया तोच, पण पदरात पडतं काय, हाच तर सगळा प्रश्न. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात तो धसाला लावला होता. रुपयाचा परदेशातला भाव स्थिर राखण्यापेक्षा त्याची देशातली खरेदीशक्ती स्थिर राहणं मोलाचं, असा त्यांचा आग्रह. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. 1926 मध्ये आयोगानं मध्यवर्ती बँक असावी असं सुचवलं आणि 1935 मध्ये रिझर्व्ह बँक उभी राहिली. ज्या पोरानं बोंड्याचा प्रश्न विचारला, त्याच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे. निळ्या कोटातला तो माणूस रुपयाचाही अभ्यास करत होता, हे ऐकून तो दुसऱ्या दिवशी केस विंचरून आला.

दर मुंबईत उतरला, म्हणजे केनवडात उतरला असं होत नाही. पाऊस कसा, आधी कोकण भिजवतो, मग घाटावर रेंगाळतो, आणि आमच्या वाशीमला येईतो ढगांच्या पखाली हलक्या झालेल्या असतात. पीककर्जाचं विचारावं, तर तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं की पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्य. रेपो चढो की उतरो, शून्याला काय फरक पडणार? सावकाराचं विचारावं, तर तो महिन्याला शेकडा दोन म्हणतो, आणि त्याच्या कानावर गव्हर्नरांचं भाषण अजून गेलेलं नाही. गंमत बघा, नेहरूंच्या मंत्रिमंडळात एकाच वेळी दोन देशमुख होते. शेतीखातं आमच्या वऱ्हाडच्या पंजाबरावांकडे, आणि अर्थखातं चिंतामणरावांकडे, जे 1943 ते 1949 या काळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. या चिंतामणरावांनी 'मेघदूत' मराठीत आणलं. मला ते फार योग्य वाटतं. विरही यक्ष रामगिरीवरून, म्हणजे आपल्या विदर्भातल्या रामटेकवरून, ढगाकडे निरोप देतो, आणि तो जायचा असतो कुबेराच्या अलकानगरीला. आता दिशा तेवढी उलटली आहे. कुबेराच्या नगरीतून निरोप निघतो आणि विदर्भात कोणीतरी आभाळाकडे बघत उभं असतं. निरोप पोचला का, हे कालिदासानं सांगितलं नाही. तो पतधोरण समितीवर असता तर शोभला असता.

2025 च्या नोव्हेंबरात एक अजब आकडा आला. ऑक्टोबरची महागाई 0.25 टक्के, 2012 पासूनच्या मालिकेतली सर्वांत कमी. मी तो रंगीत खडूनं लिहिला, भोवती महिरप काढली. हत्ती गेला, शेपूटही गेलं, असं म्हणून मी वळलो, तर वर्गात कोणी हसेना. अन्नधान्य, भाजीपाला, डाळी धरून खाण्यापिण्याचे भाव आदल्या वर्षीपेक्षा पाच टक्क्यांनी उतरल्याचं मी वाचून दाखवलं. खिडकीपाशी बसणारा, एरवी न बोलणारा एक मुलगा म्हणाला, "म्हंजे आपला माल मातीमोल गेला नं सर?" सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये जाहीर झाला होता, बाजारात बोली त्याखाली होती, आणि त्याच्या घरचं सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात भिजून काळं पडलं होतं. एकच आकडा, शहरातल्या ताटाशेजारी तो उदबत्तीसारखा दरवळत होता, आणि इथे माझ्या वर्गात चुलीच्या धुरासारखा डोळ्यांत जात होता. मी महिरप पुसली. आकडा तसाच ठेवला, कारण तो खरा होता.

त्या आठवड्यात मी घरचा अभ्यास दिला: 'पत' दिसेल असा एक कागद घरून आणा. पतधोरण या शब्दातला पहिला अर्धा भाग तरी गावाचा आहे, असं मला वाटलं होतं. कोणी पासबुक आणलं, कोणी बोजा चढलेल्या सातबाऱ्याची झेरॉक्स, कोणी पतसंस्थेची पावती. किराणा दुकानदाराच्या मुलीनं ओढणीखालून उधारीची लाल वही काढली. "नावं वाचाची नाहीत सर, बाबानं सांगतलं," ती म्हणाली. नावांच्या रकान्यावर तिनं वर्तमानपत्राची एक उभी पट्टी टाचण्यांनी लावली होती, आणि त्या पट्टीवर नेमकी व्याजदराचीच बातमी होती, मधोमध कापलेली. पट्टीच्या उजवीकडे रक्कम आणि रकमेपुढे फेडीचा वायदा. एका ओळीत 'दिवाळी' लिहून खोडलं होतं, वर बारीक अक्षरात 'संक्रांत', तेही खोडून 'पाडवा'. रक्कम मात्र तीच, 1840. व्याजाचा रकानाच नव्हता. सणांच्या पायऱ्या उतरत एक माणूस येतो आहे आणि दुसरा न ओरडता त्याची वाट बघतो आहे, असं ते पान दिसत होतं. मी खिशातली शंभराची नोट काढून वहीशेजारी ठेवली. नोटेवर गव्हर्नरांची सही आहे, वचन आहे, मागच्या बाजूला पंधरा भाषांच्या उतरंडीत आपली मराठी बरोबर आठवी, सात वर आणि सात खाली, मधल्या बहिणीसारखी निमूट. वहीत सही नव्हती. वचन तेवढं होतं, आणि ते झाकून आणलेलं होतं.

संध्याकाळी एस. टी. ची वाट बघताना गाडीवर आलूबोंडा घेतला. खरंच थोडा लहान झाला होता. पैसे द्यायला फोन काढला, तर वर्तुळ फिरत राहिलं; सकाळी गव्हर्नरांना गिळणारी रेंज आता माझ्या दहा रुपयांवर उठली होती. सुटे नव्हते. गाडीवाल्यानं झाऱ्यानं तेल निथळवत माझ्याकडे न बघताच म्हटलं, "राहू द्या सर, उद्या देजा." मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. देशातल्या बँका रिझर्व्ह बँकेकडे बाँड ठेवतात तेव्हा त्यांना पैसे मिळतात; मी काहीही न ठेवता बोंडा मिळवला होता, तोही शून्य टक्क्यांनी. दुसऱ्या दिवशी सुटे होते, तिसऱ्या दिवशीही होते. पण गाडीवरून जाताना तो ओळखीचं हसायचा, आणि त्या हसण्यात माझी नोंद अजून चालू असल्याचं कळायचं. म्हणून ते दहा रुपये मी चार दिवस मुद्दामच फेडले नाहीत.